‘मळा’ नावाचा नंबर

भिमाजी पाटसला गेला होता विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग आणायला, आणि परत आला तो बेअरिंगबरोबर एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटी दिली गोकुळने. हा गोकुळ पाबळला वायरिंगचं काम शिकून आलेला, जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान चालवायचा. हात कामात असले तरी त्याचं तोंड कधी रिकामं नसायचं.

“मामा, रोज सांजच्याला दोन किलोमीटर जायाचं आन् दोन यायाचं, कशापायी तंगडतोड करताय?” तो म्हणाला. “ह्या पेटीत जुना बटनाचा मोबाईल बसवलाय. रिंग गेली का आपोआप उचलतोय. एक दाबलं का मोटार चालू, दोन दाबलं का बंद. उचलल्यावर तिथला आवाज ऐकू येतोय तुम्हाला. घरघर आली का समजायचं, पाणी निघालं. अन् भ्यायचं काम न्हाई, फक्त तुमच्याच नंबरला उचलंल असं करून दिलंय. दुसऱ्या कुणी केला तर नुसती रिंग वाजंल.”

भिमाजीला हे एका झटक्यात पटलं. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्याच्या मळ्याकडच्या लाईनवर शेतीची थ्री फेज लाईट यायची संध्याकाळी सातला, आणि सातलाच टीव्हीवर ती मालिका लागायची. मालिकेतल्या मुलीचं लग्न तीन वर्षं होऊ घातलं होतं. कधी नवऱ्या मुलाची स्मृती जायची, कधी आत्या विष कालवायची. भिमाजी मळ्यातून येईपर्यंत मालिका संपलेली असे, आणि मग बायको सिंधूबाई ताट वाढता वाढता सगळी गोष्ट सांगायची. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं लग्न ते कसलं लग्न!

मळा भीमेच्या काठाला. विहिरीशेजारी मोटारीची एक खोली, आणि त्या खोलीत भिमाजीचा थोरला भाऊ हौसराव राहायचा. सगळे त्याला आप्पा म्हणत. आप्पाने लग्न केलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी रानडुकरांपासून राखणीला म्हणून तो मळ्यात झोपायला गेला आणि तिथलाच झाला. गुडघे गेल्यापासून तर गावातही फारसा येत नसे. मोबाईल त्याला कधी मानवला नाही. रोज साडेसहाला भिमाजी धडप्यात तीन भाकरी आणि कालवण बांधून जायचा, सातला मोटार लावायचा आणि आप्पा जेवेपर्यंत बांधावर बसायचा. जेवण झालं की आप्पा तळहातावर तंबाखू मळायचा, चुना लावायचा आणि वरून थाप मारायचा. एकच, खणखणीत. भिमाजी तंबाखू खात नव्हता, पण ती थाप पडली की तो उठायचा. आता जायला हरकत नाही, असा तिचा अर्थ दोघांमध्ये ठरून गेला होता.

मोटारीच्या खोलीत भिंतीवर पेटी बसली, त्या संध्याकाळी भिमाजी घरी खाटेवर ऐसपैस बसला. ‘मळा’ या नावाने साठवलेला नंबर लावला, एक दाबलं आणि कानात घरघर आली. घरघरीच्या आतून आप्पाचा आवाज आला.

“भिमा, आरं तुझी टीव्ही हितं पेटीतनं बोलतीया की!”

घरात सगळे हसले. भिमाजीने फोन टीव्हीसमोर धरून दाखवला. तिकडे आप्पाही हसला.

पहिला आठवडाभर भिमाजी दुपारी जाऊन भाकरी देऊन आला. मग एक दिवसाआड. मग ठरलं, की आठवड्याचं पीठ-मीठ एकदम पोचवावं, आप्पाकडे चूल आहेच. आप्पा म्हणाला, “थापीन की माझ्या हातानं. मला काय हात न्हाईत का?” त्याने तक्रार केली नाही, हे भिमाजीला फार सोयीचं पडलं. माणूस तक्रार करत नसला की त्याचं सगळं ठीक चाललंय असं आपण धरून चालतो.

पण सात वाजता आप्पा पेटीपाशी येऊन बसायचा. फोन उचलला गेला की घरातला सगळा गलबला त्या पेटीतून बारीक आवाजात त्याला ऐकू जायचा. “सिंधूनं आज कायतरी तळलंय व्हय? कढई वाजली,” असं विचारायचा. “सूनबाईचा खोकला गेला का?” असं विचारायचा. एकदा म्हणाला, “भिमा, लगीच बंद नको करू रं. दोन मिनटं घरात बसल्यासारखं वाटतंय.”

सुरुवातीला भिमाजी फोन चालू ठेवून उशीपाशी टाकायचा. पण फोनमधून मोटारीची घरघर येत राहायची आणि मालिकेतलं बोलणं नीट कळायचं नाही. हळूहळू त्याने सवय लावून घेतली. एक दाबायचं, घरघर ऐकायची, लाल बटण. सगळं अर्ध्या मिनिटात.

असं पाऊण वर्ष गेलं. दसऱ्याच्या अलीकडचा मंगळवार होता. मालिकेतल्या मुलीचं लग्न अखेर त्या दिवशी लागणार होतं. सिंधूबाईने स्वयंपाक सहालाच उरकला होता, सून अपेक्षाही त्या दिवशी मोबाईल खाली ठेवून टीव्हीसमोर आली होती. भिमाजीने नंबर लावला, एक दाबलं. घरघर आली.

“भिमा… आरं भिमा…”

आवाज खालून आल्यासारखा होता. पुढेही काहीतरी होतं, पण घरघरीत विरून गेलं. टीव्हीवर मुलगी अंतरपाटामागे उभी होती, अक्षता वाटून झाल्या होत्या. आता हा परत दोन मिनिटं म्हणणार, असं भिमाजीच्या मनात आलं. त्याने लाल बटण दाबलं.

बुधवारी घरघरीबरोबर काहीतरी घासल्याचा आवाज होता. मांजर असेल, म्हणून भिमाजीने तोही तोडला. गुरुवारी सकाळी मळ्याकडे घासाला गेलेली शेजारची मालनबाई आप्पा गेल्याचं सांगत धावत आली.

आप्पा विहिरीच्या हौदापाशी पाय घसरून पडला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दीडेक दिवस तरी जीव होता. लोकांना एका गोष्टीचं नवल वाटलं. हौदापासून वाट जवळ होती, वाटेवर आला असता तर कुणाच्या तरी नजरेस पडला असता. पण आप्पा सरपटत गेला होता उलट दिशेला, मोटारीच्या खोलीत. भिंतीवरच्या पेटीच्या बरोबर खाली तो उताणा पडलेला सापडला. तोंड वर, पेटीकडे.

का, ते भिमाजीला कळलं. त्याने ते कुणालाही सांगितलं नाही, सिंधूबाईलासुद्धा नाही.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. तो क्षण चार जणांनी मोबाईलमध्ये धरला आणि आप्पाची कसलीच इच्छा राहिली नव्हती असं सगळे म्हणाले. भिमाजी पाण्याकडे बघत उभा होता.

पुढे परतीचा पाऊस झाला, महिनाभर ओल होती, मोटारीची गरज पडली नाही. दिवाळी झाली आणि सिंधूबाई म्हणाली, “अवं, कांदं माना टाकाय लागलं. पाणी द्या की.”

भिमाजीने फोन हातात घेतला. ‘मळा’ या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ नुसतं ठेवलं. मग दाबलं. तिकडे उचललं गेलं, घरघर सुरू झाली. तो लाल बटणाकडे बोट नेणार तेवढ्यात घरघरीतून एक थाप ऐकू आली. एकच, खणखणीत.

त्याने फोन खाटेवर टाकला. समोर टीव्हीवर नवी नवरी स्वयंपाकघरात रडत होती आणि सिंधूबाई तिला शिव्या देत होती.

दुसऱ्या दिवशी परत थाप आली. तिसऱ्या दिवशी खोकला. ओळखीचा, तंबाखूचा, दोनदा होऊन थांबणारा. भिमाजीने सकाळी मळ्यात जाऊन सगळं बघितलं. खोलीला कडी होती, कडीत त्यानेच अडकवलेली तार तशीच होती. आत जमिनीवर धूळ होती आणि धुळीवर एक पाऊल नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने फोन लावला, आणि अगदी जवळून, कुणी पेटीला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला.

“आज काय केलंय रं?”

भिमाजी घाबरला, हे खरं. पण नुसता घाबरला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. गोकुळला सांगून पेटी काढून टाकली असती. भिमाजीला त्या आवाजाने रडू आलं. इतक्या दिवसांत घरात आप्पाचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. मुलगा इंद्रजीत रांजणगावच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला, सून मोबाईलमध्ये बोट सरकवत बसलेली, बायको टीव्हीत. आणि आज काय केलंय, एवढं साधं विचारणारं त्याला जिवंतांपैकी कुणी उरलं नव्हतं.

“मेथी,” तो हळूच म्हणाला.

मग ते रोजचंच झालं. सात वाजता तो फोन कानाला लावायचा, तो लावलेलाच. मालिका समोर चाललेली असायची आणि ती आता त्याला दिसतही नव्हती. आप्पा फार बोलायचा नाही. खोकायचा, श्वास घ्यायचा, कधी एखादा प्रश्न. लाईट जाईपर्यंत, बॅटरी उतरेपर्यंत भिमाजी ऐकत राहायचा. कांद्याला नको इतकं पाणी झालं, वाफे तुंबले, तरी त्याच्याने दोन दाबवेना. दिवसभर त्याला दुसरं काही सुचायचं नाही, केव्हा सात वाजतील एवढंच. घरात तिघं बसलेली असायची आणि तिघांचे कान तीन ठिकाणी. तुम्ही रोज कुणाशी बोलता, असं त्याला एकदाही कुणी विचारलं नाही.

एका संध्याकाळी त्याने धीर केला. तोंडावर उपरणं धरून म्हणाला, “आप्पा… त्या मंगळवारी मी ऐकलं व्हतं. ऐकून बंद केलं. चुकलं माझं… माफ केलंस म्हण.”

तिकडे घरघर चालू होती. खोकला थांबला, श्वासही थांबला.

“आप्पा?”

मग आवाज आला, पूर्वीसारखाच, रागाचा मागमूस नसलेला.

“भाकरी घिऊन ये, भिमा… आता तू ये.”

दुसऱ्या दिवशी साडेसहाला भिमाजीने स्वतःच्या हाताने टोपल्यातल्या तीन भाकरी काढल्या, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि धडप्यात बांधल्या. अपेक्षा चुलीपाशीच बसली होती. मोबाईलचा उजेड तिच्या तोंडावर हलत होता. सासरा काय करतोय ते तिने बघितलं नाही. भिमाजीने फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि निघाला.

आळीतून जाताना घराघरात टीव्ही लागलेले होते. सातला अवकाश होता, त्याआधीची मालिका चालली होती. कुणीतरी सासू कुणाला तरी घराबाहेर हो म्हणत होती. एका घरापुढे वाक्य सुरू झालं, पुढच्या घरापुढे मधलं झालं आणि तिसऱ्या घरापुढे संपलं. एक शब्द गळला नाही. दारं उघडी होती, आत माणसं बसलेली होती, निळ्या उजेडात. कोंडिबाच्या ओट्यावर तो थोडा थांबला. रोज “भिमाजी, कुठं?” म्हणून हटकणारा कोंडिबा आत पाठमोरा होता. त्याने एकदा मागे वळावं, असं भिमाजीला फार वाटलं. तो वळला नाही.

शेवटचं घर मागे पडलं आणि तो बाईचा आवाजही मागे राहिला. मग दोन्ही बाजूंनी ऊस. तोडीला आलेला, डोक्याच्या वर गेलेला, पाचटाचा कोरडा वास. वाऱ्याची झुळूक नव्हती आणि पाती मात्र आत कुठेतरी सळसळत होती, त्याच्या चालण्याच्या बरोबरीने. तो थांबला की तीही थांबत होती. पुढे हौदाचा शेवाळी ओला वास आला आणि त्यातच तंबाखूचा, ताज्या चुन्याचा.

कडीची तार सोडून भिमाजी आत गेला. पेटीखाली जमिनीवर त्याने धडपं सोडलं, भाकरी मांडल्या. “आप्पा, आणल्यात बघ,” म्हणाला. खोलीत कुणी नव्हतं. तो भिंतीला टेकून खाली बसला, जिथे आप्पा सापडला होता तिथेच.

बाहेर पुरता अंधार पडला. सात वाजले असावेत, कारण लाईट आली आणि पेटीवरचा लाल दिवा लागला. आता मोटार लावावी म्हणून भिमाजीने खिशाकडे हात नेला.

तेवढ्यात पेटीतल्या मोबाईलचा उजेड पडला. रिंग झाली. फोन आपोआप उचलला गेला.

पेटीतून बारीक आवाजात सातच्या मालिकेचं गाणं ऐकू येऊ लागलं. मग भांड्याला भांडं लागलं. मग सिंधूबाईचा आवाज, “आवाज वाढवा जरा.” आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी फोनपाशी, कुणीतरी श्वास घेत होतं.

भिमाजीने खिशातला फोन बाहेर काढला. फोन त्याच्याच हातात होता, काळा, बंद.

पेटीत टिक झालं, तिकडे कुणीतरी एक दाबलं. शेजारी मोटार घरघरू लागली.

“कोण… कोण हाय तिकडं?” तो म्हणाला. तसाच मान वर करून, पेटीकडे तोंड करून तो ओरडला, “सिंधू… आगं सिंधू, मी हितं हाय. मळ्यात. ऐकतंय का कुणी?”

गाणं संपलं होतं. तिकडचा श्वास एक क्षण थांबला, ऐकल्यासारखा. मग एक टूक झालं आणि पेटीतला उजेड विझला.

भिमाजी धडपडत उठला. तो पळत सुटला. उसातून, आळीतून, त्या सगळ्या निळ्या दारांवरून. घराच्या उंबऱ्यात येऊन पोचला तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. आत सिंधूबाई खाली बसून लसूण सोलत होती, डोळे टीव्हीवर. अपेक्षा कोपऱ्यात, मोबाईलवर वाकलेली.

“सिंधू,” तो म्हणाला, “हितनं फोन कुणी लावला?”

“कुणी म्हंजी? तुम्हीच की.” तिने मान हलवली नाही. “आत्ता तर लावलीसा मोटार, खाटंवर बसून. आता गप बसा जरा.”

“मी हितं नव्हतो… आगं, मी मळ्यात व्हतो. माझ्याकडं बघ. एकदा बघ माझ्याकडं.”

“जाहिरात लागू द्या.”

तो उंबऱ्यातच उभा राहिला. आत पाऊल टाकायला त्याला भीती वाटत होती. कशाची, ते सांगता आलं नसतं. तिने एकदा बघितलं, ओळखीच्या नजरेने, की सगळं ठीक होईल, एवढंच त्याला कळत होतं. टीव्हीवर कुणीतरी कुणाचं तरी पत्र फाडलं, ढोल वाजले आणि जाहिरात लागली.

सिंधूबाईने लसणाची सुपली बाजूला ठेवली, हात झटकले आणि मान वळवली. दाराकडे नाही, खाटेकडे.

“हां, बोला,” ती म्हणाली. “काय म्हणत व्हता?”

खाटेच्या बाजूला उजेड कमी होता. तिथून एक थाप ऐकू आली. एकच, खणखणीत.

“सिंधू,” भिमाजीने उंबऱ्यातून हाक मारली. “सिंधू, मी हितं हाय.”

तिने थोडं थांबून बघितलं, खाटेकडेच. मग जाहिरात संपली आणि तिने मान परत टीव्हीकडे वळवली.